कल्हईवाल्याची डावी बाजू

शनिवारी दुपारी बाबा चष्म्याच्या दुकानातून आले आणि हातातला कागद त्यांनी माझ्या तोंडापुढे धरला.

"घे, वाच. मोठ्यानं वाच. तुह्या आईलेही ऐकू दे."

कागदावर लिहिलं होतं, चष्मा लावून दोन्ही डोळ्यांची नजर सहा बाय सहा. म्हणजे एकदम उत्तम. तक्त्यावरची शेवटची ओळ तर वाचलीच, पण तिच्याखाली बारीक अक्षरात छापखान्याचं नाव होतं तेही वाचून दाखवलं म्हणे. मग बाबांनी कागदाची घडी घातली आणि ती शर्टाच्या खिशात, पिवळ्या खडूशेजारी ठेवली.

त्या खडूवर आमचं घर उभं राहिलं होतं. बाबांची सगळी नोकरी पोलादाच्या प्लांटमध्ये प्लेटा तपासण्यात गेली. लोखंडाची प्लेट समोर आली की तिच्यावर टॉर्च आडवा धरायचा, तळहात फिरवायचा, जिथे चीर, खड्डा, फुगा सापडेल तिथे खडूनं गोल करायचा. मग तीच प्लेट पलटवून मागची बाजू, पलटवल्याशिवाय पास नाही हा त्यांचा नियम. रिटायर झाल्यावर रिसालीत घर बांधलं, पण माणूस घरी बसेना. एका खाजगी वर्कशॉपमध्ये तेच काम धरलं. तिथे तेव्हा पायी चालायच्या पुलाचे गर्डर बनत होते. बाबांनी पास म्हटलं की प्लेट कापायला जायची, त्यांनी गोल केला की बाजूला पडायची. त्यांच्यानंतर कोणी पाहत नसे.

आणि आठ दिवसांपूर्वी त्यांनीच पास केलेली एक प्लेट वेल्डिंगच्या टेबलावर उघडी पडली. वीतभर लांब चीर, अगदी कडेला. वर्कशॉपचे शेठ तसे सभ्य. ओरडले नाहीत. फक्त म्हणाले, "काकाजी, एक बार आँखें दिखा लो." बाबांना ते शंभर शिव्यांपेक्षा जास्त लागलं. पुढचा माल रविवारी संध्याकाळी पाचला ट्रेलरवर चढणार होता, त्यातली प्लेट न् प्लेट त्यांचीच पास केलेली. नजर ठीक निघाली तर माल जाणार आणि खडू त्यांच्या खिशात राहणार. नाहीतर खडू गेला. आणि खडू गेला असता तर बाबा खाटेवर पडून छताकडे पाहत राहिले असते, हे मला पक्कं ठाऊक होतं.

मी अर्थातच बाबांच्या बाजूनं होते. माझा राग नाकाच्या शेंड्यावर, तोही त्यांच्याकडूनच आलेला. त्या शेठची मी घरी बसून यथेच्छ खरडपट्टी काढली. पण मनात एक कुसळ सलत होतं. स्कूटरचा डावा आरसा पंधरा दिवसांत दोनदा फुटला होता, आणि दोन्ही वेळा बाबांनी शेजाऱ्याच्या गेटला दोष दिला होता.

आईचं दुःख वेगळंच होतं. पंधरा दिवस झाले, बाबा ठेच्याला बोट लावत नव्हते. लोणच्याला नाही, लिंबाला नाही. आई ताट वाढते ते रीतीनं, मीठ-लिंबू-चटणी डावीकडे, भाजी उजवीकडे. बाबा जेवून उठले की डावी बाजू जशीच्या तशी.

"माह्या हातचं कडू लागून राहिलं आता यांले," आई ओट्यापाशी पुटपुटायची. "बोलत नाईत, पन ताट बोलते ना."

मी हसायचे. बायकोचा ठेचा न खाणं हा काय आजार आहे?

आता माझ्या चित्राबद्दल सांगायला हवं, कारण सगळं त्याच्यावरच येऊन आदळलं.

मी शाळेत ड्रॉइंग शिकवते. खुर्सीपारच्या एका रद्दीवाल्याकडे मला एक रशियन चित्रांचं जाडजूड पुस्तक मिळालं होतं. कधीकाळी इथे प्लांट उभारायला आलेल्या कोण्या रशियन साहेबाच्या क्वार्टरमधून निघालं असणार. त्यात क्रांतीच्या आधीच्या काळातलं एक चित्र होतं. कल्हईवाला. निदान मी त्याला कल्हईवाला म्हणते, मूळ नाव मला वाचता येत नाही. तो पितळेचं मोठं भांडं ठोकत बसला आहे. पण बसला आहे म्हणावं तर पुरा माणूस कुठेच नाही. हातोडीचा हात तीन जागी. नाकाचा एक काप इकडे, मिशीचा तिकडे, भांड्याची कड अधेमधे कुठेही उगवलेली. जणू काच फुटली आणि कोणीतरी तुकडे घाईघाईत, पण नेमके लावले.

पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी चिडले. म्हटलं, हे काय, माणसाचा पार चिवडा करून ठेवला. पण पान पलटवलं तरी तो हात डोळ्यांपुढून हलेना. मग लक्षात आलं, तीन हात नाहीतच. एकच हात आहे, वर गेलेला, खाली येणारा आणि आदळलेला. चित्रकार एका जागी बसून पाहत नव्हता. तो त्या माणसाभोवती फिरला होता, आणि प्रत्येक ठिकाणचा थोडा थोडा माल त्यानं एकाच कॅनव्हासवर आणून टाकला होता. बघणाऱ्यालाही मग फिरावं लागतं. डोळा एका तुकड्यावर टेकला की शेजारचा तुकडा ढकलतो, चल म्हणतो पुढे.

दुसरी गंमत होती त्याच्या अंगाची. चित्राखाली रशियन नावाशेजारी बारीक इंग्रजीत एवढंच लिहिलं होतं: तैलरंग, वाळू, कागद. म्हणजे त्या पठ्ठ्यानं रंगात वाळू कालवली होती, कागद चिकटवून त्याच्यावरून रंग ओढला होता. मूळ चित्राला हात लावला तर बोटं खरचटतील असं ते असणार. आणि माझ्या हातात काय? गुळगुळीत चकचकीत पान! मी त्या पानावर कितीदा बोट फिरवलं. लग्नाच्या जेवणाचा फोटो चाटण्यासारखंच ते.

म्हणून मी ठरवलं, आपण करून पाहायचं. सहा महिने लागले. मोठा कॅनव्हास, दोन हात रुंद. उजवीकडे, भांड्याच्या पोटावर, मी बारीक रेती घातली. मिशीच्या तुकड्याखाली वर्तमानपत्र चिकटवलं. कुठे लाकडाचा भुसा, कुठे ओल्या रंगावर कंगवा ओढला. आणि डावीकडे, जिथे हातोडी आदळते, तिथे मला सगळ्यात खरखरीत काहीतरी हवं होतं. ते मला व्हरांड्यात सापडलं. बाबा वर्कशॉपमधून आले की त्यांच्या बुटांतून लोखंडाचे काळे-निळे पापुद्रे गळतात. तापलेल्या प्लेटेवर जमतात ते. बाबा त्यांना स्केल म्हणतात. आई रोज झाडून टाकायची, मी ते डब्यात जमवू लागले. सगळा डबा मी त्या डाव्या बाजूवर रिचवला. हात लावला की कुरकुर आवाज यायचा.

बाबांनी ते चित्र आजवर लांबूनच पाहिलं होतं. जाता येता म्हणायचे, "रिजेक्ट माल हाय पोरी, भंगारात टाक."

रविवारी जेवताना ठिणगी पडली. त्या दिवशी आईनं मुद्दाम ताजा ठेचा केला होता, वर तेल सोडून. बाबांनी पोळी-भाजी खाल्ली, वरण-भात खाल्ला आणि उठायला लागले.

"आज तरी खा ना! का माह्या हाताले रोग झाला?" आई एकदम ओरडली.

"काय खाऊ? तू वाढशील तं खाईन ना!"

"हे काय मंग? दिसत नाई का तुमाले?"

झालं. तो शब्द नको होता. बाबांनी ताट असं सरकवलं की वाटी भिंतीपर्यंत घरंगळली. "हो, आंधया झालो मी! त्या शेठले वाटते, आता तुलेही वाटते! कागद हाय ना खिशात? सहा बाय सहा! का पोथीसारखा वाचून दाखवू रोज?" मग माझ्याकडे वळले. "तुह्याही मनात हाय. मले समजते. आन तुहं ते चित्र. आन म्हनतो ना! एक एक खोट काढून दाखवतो तुमाले."

"बाबा, जाऊ द्या ना."

"आन!"

बाहेर मे महिन्याचं ऊन, कूलरची घरघर. घड्याळात अडीच वाजले होते. मी कॅनव्हास आणून भिंतीशी उभा केला. बाबांनी खिडक्या लावल्या, टॉर्च काढला, आणि चित्रासमोर उकिडवे बसले. टॉर्च समोरून नाही मारला. कॅनव्हासला गाल लावल्यासारखा आडवा धरला. तरुणपणी एका रशियन साहेबानं त्यांना तसं शिकवलं होतं: वरून पाहू नको, बाजूनं पाहा, माल आपोआप बोलतो.

आणि बाई गं, माझं चित्र खरंच बोलायला लागलं. सहा महिने त्याच्याशी झटले होते मी, पण असं कधी पाहिलं नव्हतं. रेतीचा कण न् कण सावली टाकू लागला. कंगव्याच्या रेघा शेतातल्या तासांसारख्या उठल्या. वर्तमानपत्राची कड एवढी वर आली की नखानं उचलावी. बाबांचा तळहात उजेडामागून फिरू लागला, हलका, जसा तापलेल्या पोराच्या कपाळावरून फिरतो.

"इथी रेती हाय. बारीक, चाळलेली. इथी आत काही तरी दाबलं. कागद. दोन पदरी. इथी तू आधी एक रंग लावला, सुकू नाई दिला, दुसरा चढवला. म्हनून सुरकुती आली. खरं का नाई?"

"खरं आहे बाबा."

"साहेब याले फाक्तुरा म्हनत," ते म्हणाले. "माल हाताले कसा लागते थे."

माझ्या कॉलेजच्या पुस्तकात तो शब्द होता! मी त्याच्यावर चार पानांची टिपणं काढली होती, आणि हा माणूस तो शब्द खिशात घेऊन फिरत होता, खडूबरोबर. एवढ्यात त्यांनी खिशातून खडू काढला आणि सरळ माझ्या चित्रावर गोल केला.

"बाबा! अहो काय करून राहिले?" मी किंचाळलेच. "सहा महिन्यांचं काम आहे माझं!"

"खोट असली की गोल होते. मंग थो तुहा कल्हईवाला असो, नाई तं लाटसाहेब असो."

एक, दोन, पाच, नऊ. पिवळे गोल पडत गेले. पण एक सांगते, एकही गोल चुकीच्या जागी नव्हता. जिथे मी भुसा लपवला होता तिथे गोल. जिथे चाकूनं खरवडून पुन्हा भरलं होतं तिथे गोल. माझ्या चित्राचं असं वाचन आजपर्यंत कोणी केलं नव्हतं, पुढेही करणार नाही. आई दारात उभी होती, डोळे पुसत, हसत. मला वाटलं, सुटलो. नजर सलामत आहे. माल जाऊ दे पाचला.

बाबांनी गुडघ्यावर हात टेकले, उठले आणि टॉर्च बंद केला. "अकरा खोटी. बाकी साफ. पास."

मी चित्राकडे पाहिलं. अकरा गोल, सगळे उजवीकडे. डाव्या बाजूला खडूचा टिपूससुद्धा नाही.

डाव्या बाजूला डबाभर स्केल होतं. पापुद्रे असे उभे होते की टॉर्च नसतानाही दिसत होते. आंधळ्यानं हात लावला असता तरी चपापला असता. आणि ज्या माणसानं जन्मभर स्केलच्या थराखालची चीर शोधली त्यानं त्याला साफ म्हटलं होतं.

आरसा डावा. ठेचा डावीकडे. प्लेटेवरची चीर कडेला. कोणत्या कडेला, हे मी विचारलंच नव्हतं. छापखान्याचं नाव वाचणारा माणूस अर्धं ताट पाहत नव्हता, आणि आम्ही त्याला रुसवा समजत होतो. तीन वाजून गेले होते. पाचला ट्रेलर.

आता काय बोलू? बोलले तर खडू माझ्याच हातानं काढून घेतल्यासारखं. नाही बोलले तर त्या पुलावरून कोणाची पोरं शाळेत जाणार होती. मला बाबांचा राग आला, आईचा आला, स्वतःचा तर इतका आला की थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली.

"बाबा," मी म्हटलं, "तुमचाच नियम आहे ना? पलटवल्याशिवाय पास नाही."

"थो प्लेटेचा. चित्राले काय मागची बाजू असते?"

"तरी पण. नियम म्हणजे नियम."

ते हसले. "पलटव बापा."

मी कॅनव्हास उचलला आणि उलटा केला, डोकं खाली, पाय वर. डावी बाजू उजवीकडे आली. बाबांनी टॉर्च लावला, आडवा धरला आणि थबकले.

"हे कोनतं?"

"तेच आहे बाबा."

"काहून फसवतं मले? हे दुसरं हाय. याच्यावर तं स्केलच स्केल हाय." त्यांनी बोटानं खरवडलं, कुरकुर झाली. "माह्या खुना कुठी गेल्या? अकरा गोल होते."

गोल तिथेच होते. आता डावीकडे. त्यांच्या खांद्यापासून हातभरही लांब नव्हते.

मी त्यांचा डावा हात धरला आणि नेऊन भांड्याच्या पोटावर ठेवला. तळहात रेतीवर टेकला. मी त्यांचा चेहरा पाहत होते. हात ओळखत होता, आणि चेहरा अजून नाही. बोटं हळूहळू सरकली, खडूच्या भुकटीवर थांबली, गोल गेला तशी गोल फिरली. मग बाबांनी मान वळवायला सुरुवात केली, हाताच्या मागे मागे, डावीकडे, आणखी डावीकडे, जशी जड प्लेट क्रेनला वळते. एका क्षणी त्यांना तो पिवळा गोल दिसला.

ते खाली बसले. टॉर्च मांडीवर पडून तसाच जळत राहिला.

"किती दिवस?" त्यांनी विचारलं. मला नाही, आईला.

आईनं पदर तोंडाला लावला होता. "ठेचा... पंधरा दिवस झाले."

बाबांनी खिशातला कागद काढला, पाहिला आणि परत ठेवला. मला वाटलं आता ओरडतील, चित्र फेकून देतील. मी मनातून तयार होते. ते म्हणाले, "फोन दे."

शेठनं फोन उचलला. बाबा उभे राहून बोलले, साहेबासमोर उभे राहावं तसे.

"शेठ, ट्रेलर रोक दो... नहीं, मेरी बात सुनो पहले. पंद्रह दिन में मैंने जितना पास किया, सब होल्ड पर डालो. सब. बायीं तरफ देखना, कड़े-कड़े से. मेरा बायाँ नहीं चल रहा है." पलीकडून बराच वेळ काहीतरी येत राहिलं. बाबा ऐकत होते. "हाँ, कागज है मेरे पास. कागज गलत है."

त्याच संध्याकाळी आम्ही त्यांना दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, डोळे ठणठणीत आहेत. मेंदूच्या उजव्या बाजूला रक्ताची गुठळी अडकून गेली होती, छोटी, न दुखणारी, म्हणून डावीकडचं काही त्यांच्या ध्यानातच येत नव्हतं. उशीर झालाय, पण दुसरी आली असती तर यांना उचलूनच आणावं लागलं असतं. होल्डवरच्या मालात आणखी एक चीर निघाली. शेठ स्वतः पेढे घेऊन घरी आले, बाबांच्या पाया पडले, आणि पुन्हा कामावर या असं काही म्हणाले नाहीत. बाबांनीही विचारलं नाही. खडू त्यांनी मला दिला, शाळेत फळ्यावर चालेल म्हणून. मी तो अजून वापरलेला नाही.

चित्रावरचे गोल मी पुसले नाहीत. वरून वॉर्निश मारून टाकलं. शाळेतली मुलं विचारतात, हे पिवळे गोल रशियन माणसानं काढले का? मी सांगते, नाही, ते इन्स्पेक्शनचे आहेत.

दवाखान्यातून आले त्या दिवशी आईनं ताट वाढलं. ठेचा, लिंबू, मीठ, सगळं उजवीकडे, भाजीला खेटून. जन्मात पहिल्यांदा तिनं रीत मोडली होती. बाबांनी पाहिलं. ठेचा बोटानं उचलला आणि ताटाच्या डाव्या कडेला नेऊन ठेवला.

"जिथी वाढतं तिथीच वाढ," ते म्हणाले.

ते जेवले. पोळी-भाजी संपली, वरण-भात संपला. मग त्यांनी ताट दोन्ही हातांनी धरलं, अर्धं गोल फिरवलं, आणि ठेचा खाल्ला.